वर्गातील भौतिकशास्त्र आणि एक्स-रे विभागातील काम यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

नमस्कार. मी मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात आहे. सकाळी एक्स-रे विभागात पोस्टिंग आणि दुपारी वर्ग, असा आमचा दिनक्रम असतो. वर्गात एक्स-रे ट्यूबची रचना, फिलॅमेंटमधून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन, ॲनोडवरील त्यांच्या आघातातून निर्माण होणारे किरण, फोटोइलेक्ट्रिक आणि कॉम्प्टन परिणाम हे सारे शिकवले जाते. ते मला समजते आणि लेखी परीक्षेत गुणही बऱ्यापैकी मिळतात. अडचण येते ती सकाळी. कन्सोलवर अवयवाचे चित्र निवडले की केव्हीपी (ट्यूबवरील विद्युतदाब) आणि एमएएस (ट्यूबमधील प्रवाह आणि वेळ यांचा गुणाकार) यांचे आकडे आपोआप येतात, रुग्णाला उभे केले जाते, बटण दाबले जाते, प्रतिमा उमटते आणि लगेच पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले जाते. या साऱ्या धावपळीत आदल्या दिवशी शिकलेले भौतिकशास्त्र नेमके कोठे दडलेले असते, ते मला शोधूनही सापडत नाही.

पोझिशनिंगची, म्हणजे रुग्णाला ठरावीक स्थितीत ठेवण्याची, अडचण निराळी आहे. आकृतीतील माणूस सांगितल्याप्रमाणे हात वळवतो, मान झुकवतो आणि स्थिर राहतो. विभागात येणाऱ्या माणसाचा कोपर सुजलेला असतो आणि तो सरळ होत नाही. एखाद्या वृद्ध रुग्णाला पाठीवर झोपवणेच कठीण असते. कोणाला श्वास रोखून धरता येत नाही. कोन आणि सेंटरिंगचे बिंदू मला पाठ आहेत, पण कण्हणाऱ्या माणसाला स्पर्श करताना माझेच हात थबकतात आणि मग शेजारी उभे असलेले वरिष्ठ पुढे होऊन काम उरकतात. बाहेर रांग मोठी असते, त्यामुळे त्यांची घाईही मी समजू शकते.

पोस्टिंगच्या तासांत नुसते उभे राहण्याऐवजी नेमके काय पाहावे आणि काय टिपून ठेवावे? वेदना होत असलेल्या रुग्णाची पोझिशन कशी घ्यावी? हा टप्पा पार केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : ज्येष्ठ एक्स-रे तंत्रज्ञ

आपोआप येणाऱ्या त्या आकड्यांपासूनच सुरुवात करा. मध्यम बांध्याच्या माणसासाठी ते कोणीतरी विचारपूर्वक ठरवून ठेवलेले असतात, आणि तो विचार उलगडून पाहणे हाच पोस्टिंगमधील खरा अभ्यास आहे. छातीचा पीए व्ह्यू (किरण पाठीकडून छातीकडे जातात ती प्रतिमा) घ्या, कारण तो तुम्हाला रोज दिसतो. तेथे केव्हीपी साधारण ११० ते १२५ असतो, ट्यूब डिटेक्टरपासून (प्रतिमा टिपणाऱ्या पाटीपासून) १८० सेंटिमीटरवर असते आणि रुग्णाची छाती डिटेक्टरला टेकलेली असते. हाताच्या पंजासाठी मात्र ५० ते ६० केव्हीपी आणि १०० सेंटिमीटर अंतर पुरते. कमी ऊर्जेच्या किरणांच्या शोषणात फोटोइलेक्ट्रिक परिणामाचा (ज्यात किरण अणूत पूर्ण शोषला जातो) वाटा मोठा असतो आणि तो परिणाम अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. मऊ ऊतींचा प्रभावी अणुक्रमांक सुमारे ७.४ आणि हाडाचा सुमारे १३.८ धरला, तर सारख्या वस्तुमानामागे हाडातील हे शोषण मऊ ऊतींच्या सहा पटींहून अधिक भरते. पंजाच्या एक्स-रेमध्ये हाडाची बारीक जाळी आणि केसासारखी भेग पाहायची असते, म्हणून हा फरक आपल्याला हवाच असतो. छातीत तोच फरक आड येतो, कारण बरगड्या पांढऱ्याफटक उमटल्या तर त्यांच्यामागचे फुफ्फुस झाकले जाईल. म्हणून केव्हीपी वाढवून हाडांचा तो जोर आपण कमी करतो. केव्हीपी वाढल्यावर विखुरलेल्या किरणांचा वाटा वाढून प्रतिमा धुरकट होऊ लागते, म्हणून तेथे ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लागतो.

अंतराचेही तसेच आहे. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असते. छाती डिटेक्टरला टेकवून ट्यूब दूर नेली की त्याची सावली कमी फुगते. याच रुग्णाचा एक्स-रे वॉर्डमध्ये खाटेवर एपी (किरण पुढून मागे) काढावा लागला आणि अंतर १०० सेंटिमीटर ठेवावे लागले, तर व्यस्त वर्गाच्या नियमाने (तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते) किरणांची तीव्रता सव्वातीन पट होते, आणि हृदय प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते. पोर्टेबल यंत्रावर एमएएस का उतरवतात आणि प्रतिमेवर ‘एपी’ अशी नोंद असल्याशिवाय डॉक्टरांची दिशाभूल का होऊ शकते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या दुपारच्या तासाच्या वहीत आधीच आहेत.

आता काय पाहावे, याविषयी. रुग्ण उभा राहिल्यानंतर आणि बटण दाबले जाण्यापूर्वी थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात ही प्रतिमा कशी येणार आणि तिच्यात काय चुकणार, हे मनाशी ठरवून टाका. डावा खांदा डिटेक्टरपासून किंचित सुटलेला दिसतो, म्हणजे रोटेशन (छाती तिरकी वळलेली) येणार. खांदे पुढे गोल केलेले नाहीत, म्हणजे खांद्याचे पाते फुफ्फुसावर येणार. प्रतिमा उमटली की पडताळा घ्या. दोन्ही हासळ्यांची आतली टोके मणक्याच्या काट्यांपासून सारख्या अंतरावर आहेत का. उजव्या बाजूला श्वासपटलाच्या वर मागच्या ९ ते १० बरगड्या मोजता येतात का. फुफ्फुसांचे दोन्ही बाजूंचे खालचे कोपरे आणि वरची टोके कापली तर गेली नाहीत ना. हृदयाच्या मागे मणके पुसटसे दिसतात का. मार्कर योग्य बाजूला आहे का. आधी केलेला अंदाज आणि समोरची प्रतिमा यांची अशी गाठ घालत गेले की नजर बसते. प्रतिमा आल्यावर नुसते ‘छान आली’ किंवा ‘बिघडली’ एवढेच म्हणत राहिले, तर वर्षानुवर्षे उभे राहूनही ती बसत नाही.

डिजिटल यंत्रणेबद्दल एक सावधगिरीचा शब्द. फिल्मच्या काळात एक्सपोजर जास्त झाले की फिल्म काळी पडे आणि चूक लपत नसे. आता संगणक उजळपणा स्वतःच जुळवून घेतो. एक्सपोजर कमी पडले तर प्रतिमा दाणेदार होते आणि कोणीतरी तक्रार करते. जास्त झाले तर प्रतिमा उलट अधिक गुळगुळीत दिसते आणि कोणीच काही बोलत नाही. त्यामुळे विभागात हळूहळू सगळ्यांचाच हात सढळ होत जातो आणि त्याचा भार रुग्णाच्या शरीरावर पडतो. म्हणून प्रत्येक प्रतिमेसोबत येणारा एक्सपोजर इंडेक्स (डिटेक्टरवर किती किरण पोहोचले हे सांगणारा आकडा) वाचण्याची सवय आत्ताच लावून घ्या. तो आकडा वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर वेगवेगळ्या पद्धतीने मांडला जातो, हेही विसरू नका.

शेवटी, नाकारलेल्या प्रतिमा. बहुतेक विभागांत रद्द केलेल्या प्रतिमा कारणासह साठवलेल्या असतात. वरिष्ठांची परवानगी घेऊन, रुग्णाची ओळख कोठेही बाहेर जाणार नाही याची काळजी घेऊन, त्या विभागातच बसून पाहा. प्रत्येकीबद्दल दोन गोष्टी लिहा : काय चुकले, आणि दुसऱ्यांदा काढताना एकच गोष्ट बदलायची असती तर कोणती बदलली असती. केव्हीपी १५ टक्क्यांनी वाढवणे म्हणजे एमएएस दुप्पट करण्याइतकाच परिणाम डिटेक्टरवर साधणे, हा नियम तुम्ही पाठ केला असेल. तो केव्हा वापरावा आणि कॉन्ट्रास्ट गमावण्याच्या भीतीने केव्हा टाळावा, हे त्या प्रतिमा शिकवतील.

उत्तर : अंतिम वर्षाचा विद्यार्थी

सरांच्या पद्धतीशी मी सहमत आहे, पण पहिल्या वर्षात प्रत्येक रुग्णामागे इतके सारे टिपायला गेले तर ते जमत नाही आणि चार दिवसांत वही बंद पडते, असे मी माझ्या वर्गात पाहिले आहे. त्यापेक्षा एका आठवड्यात एकच अवयव निवडावा. त्या आठवड्यात मनगट ठरवले असेल तर बाकीच्या तपासण्यांत फक्त मदत करावी, आणि मनगटाचा रुग्ण आला की वरिष्ठांना आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे पुढे व्हावे. अशी विनंती आधी केलेली असली की घाईतही ते चटकन बाजूला होतात. ऐन वेळी ‘मी करू का’ असे विचारले तर सहसा नकारच मिळतो.

वेदनेच्या प्रश्नावर मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट अशी : आकृतीत दिसतो तो रुग्णाचा देह नसून किरण, अवयव आणि डिटेक्टर यांच्यातील संबंध असतो. रुग्ण वळू शकत नसेल तर ट्यूब वळते आणि डिटेक्टरची जागा बदलते. तुम्ही कोपराचा उल्लेख केला आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो. सरळ न होणाऱ्या कोपराचा एपी एका प्रतिमेत नीट मिळत नाही, कारण दंड डिटेक्टरला समांतर ठेवला तर अग्रबाहू उचललेला राहतो आणि त्याच्या हाडांची टोके आखडलेली दिसतात. अशा वेळी दोन एपी काढतात : एकात दंड डिटेक्टरला समांतर, दुसऱ्यात अग्रबाहू समांतर. पहिल्यात दंडाच्या हाडाचे खालचे टोक खरे दिसते, दुसऱ्यात अग्रबाहूच्या हाडांची वरची टोके खरी दिसतात, आणि रुग्णाचा कोपर जितका वाकलेला आहे तितकाच राहतो. पडलेल्या वृद्ध माणसाच्या खुब्याचेही असेच. पाय बाहेर फाकवून घेतलेला लॅटरल (बाजूने काढलेली प्रतिमा) त्याच्यासाठी वेदनादायक असतो आणि हाड मोडलेले असेल तर धोकादायकही. तेथे दुसरा पाय वर आधार देऊन ठेवतात आणि किरण आडवे सोडून लॅटरल घेतात. मानेला इजा झाल्याची शंका असेल तर कॉलर काढायची नाही, मान वळवायची नाही, रुग्ण पाठीवर असतानाच आडव्या किरणांनी लॅटरल घ्यायचा. हा विचार एकदा पक्का झाला की हात थबकत नाहीत, कारण आपण माणसाला आकृतीत कोंबायला निघालेलो नसतो.

स्पर्शाचा सराव वर्गमित्रांवर करा. एक्सपोजर कधीही सरावासाठी द्यायचे नसते, त्यामुळे हा सराव यंत्र बंद ठेवूनच करायचा. डोळे मिटून कंबरेच्या हाडाची वरची कडा शोधा, ती चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्याच्या आसपास येते. मानेच्या तळाशी टोचणारा सातवा मणका शोधा. गळ्याखालची खाच शोधा, ती दुसऱ्या-तिसऱ्या वक्षमणक्याच्या पातळीवर असते. लठ्ठ माणसाच्या आणि किडकिडीत माणसाच्या शरीरावर हे बिंदू बोटांना किती निराळे लागतात, हे पुस्तकातून कळत नाही. प्रत्यक्ष रुग्णावर मात्र हात लावण्यापूर्वी कोठे आणि कशासाठी लावणार आहात हे सांगा, त्याने होकार दिला की बोटांच्या टोकांनी, ठामपणे आणि एकदाच स्पर्श करा. चाचपडत राहिलेला हात रुग्णाला जास्त दुखावतो.

सूचना शब्दांनी देण्याऐवजी स्वतःच्या शरीरावर करून दाखवल्या तर निम्मे काम सोपे होते. श्वासाची तालीम आधी करून घ्या आणि त्या वेळी रुग्णाच्या चेहऱ्याकडे न पाहता पोटाकडे पाहा. बरेच जण ‘श्वास घ्या’ म्हटल्यावर केवळ खांदे उचलतात. छातीच्या एक्स-रेआधी वेणी पुढे किंवा मानेवर राहिलेली नाही ना, ते पाहा. जाड, घट्ट विणलेल्या केसांची सावली फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर पडली की ती आजारासारखी भासू शकते.

आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमात दोन ओळींत उरकली जाते. रुग्णाला ट्रॉलीवरून टेबलावर घेताना स्वतःची पाठ सांभाळा. सरकवण्याची फळी किंवा चादर वापरा, पुरेशी माणसे येईपर्यंत थांबा, आणि विद्यार्थी आहोत म्हणून एकट्याने उचलण्याचा भिडस्तपणा करू नका.

प्रतिसाद : प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

दोघांचेही मनापासून आभार. दोन एपीची पद्धत आम्हाला शिकवली होती, पण तिच्यामागचे कारण आत्ता स्पष्ट झाले. आणखी एक शंका विचारते. वॉर्डमध्ये पोर्टेबल एक्स-रेसाठी जाताना आणि विशेषतः लहान मुलाला धरून ठेवण्यासाठी कोणी बोलावले की मला किरणोत्सर्गाची भीती वाटते. घरच्यांनाही माझ्या या शिक्षणाबद्दल काळजी वाटते. मिळालेली मात्रा नोंदवणारा बॅज तर सगळेच लावतात, पण प्रत्यक्षात किती मात्रा मिळते आणि कोठे स्पष्टपणे नाही म्हणावे, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर : किरणोत्सर्ग सुरक्षा शिकवणारी शिक्षिका

तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांनी द्यायला हवे. निसर्गातूनच प्रत्येक माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) मात्रा मिळते. छातीच्या एका पीए एक्स-रेमध्ये रुग्णाला मिळणारी प्रभावी मात्रा साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट असते, तर पोटाच्या सीटीमध्ये ती ८ ते १० मिलिसिव्हर्टच्या घरात जाते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रौढांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ५० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा सुचवली आहे. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांत १६ ते १८ वर्षे वयाच्या प्रशिक्षणार्थींसाठी ती वर्षाला ६ आणि सर्वसामान्य जनतेसाठी १ मिलिसिव्हर्ट आहे. काही देशांचे नियम याहून कडक आहेत, म्हणून तुमच्या संस्थेत लागू असलेली मर्यादा विभागाच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांकडून समजून घ्या. पडद्यामागे उभे राहून नियमाने काम करणाऱ्या एक्स-रे विभागातील माणसाची नोंद या मर्यादांच्या पुष्कळ खाली राहते. घरच्यांना हे आकडे दाखवा. ‘काही होत नाही’ या आश्वासनापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होईल.

वॉर्डमध्ये खरा स्रोत रुग्णाचे शरीर असते, हे ध्यानात ठेवा. ट्यूबमधून निघालेला झोत रुग्णावर पडतो आणि तेथून किरण सर्व दिशांना विखुरतात. रुग्णापासून एक मीटरवर, झोताच्या काटकोनात, त्यांची तीव्रता रुग्णावर पडणाऱ्या झोताच्या साधारण एक हजारांश उरते. दोन मीटरवर गेलात की त्याचीही पाव होते. म्हणून पोर्टेबलच्या वेळी शिशाचा ॲप्रन घालून, बटणाची वायर पूर्ण ताणून दोन मीटर मागे जाणे आणि एक्सपोजरपूर्वी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सूचना देणे या तीन गोष्टींनी जवळजवळ सारे काम होते. ॲप्रन घडी घालून कोपऱ्यात टाकू नका, तो हँगरवरच अडकवा. घडीवर शिशाच्या थराला तडे जातात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. बॅज दुसऱ्याला देऊ नका, एक्स-रे रूममध्ये विसरू नका, आणि स्वतः रुग्ण म्हणून एक्स-रे काढून घ्याल तेव्हा तो काढून ठेवा, कारण ती नोंद केवळ कामातून मिळालेल्या मात्रेची असते.

आता नाही कोठे म्हणावे. एक्सपोजरच्या वेळी रुग्णाला हाताने धरणे हे विद्यार्थ्याचे काम नाही, आणि अनेक प्रशिक्षण व्यवस्थांच्या नियमांत ते स्पष्टपणे मना केलेले आहे. मुलाला स्थिर ठेवण्यासाठी आधी पट्टे, वाळूच्या पिशव्या, स्पंज आणि कमी वेळाचे एक्सपोजर यांचा वापर करायचा असतो. तरीही धरावेच लागले तर गर्भवती नसलेल्या पालकाला ॲप्रन आणि हातमोजे देऊन, मुख्य झोतात त्यांचे हात येणार नाहीत अशी जागा दाखवून उभे करायचे. कर्मचाऱ्यांपैकी कोणाला वारंवार धरायला लावले, तर प्रत्येक वेळची मात्रा अल्प असूनही वर्षभरात ती नोंद घेण्याजोगी होते. ‘मला विद्यार्थी म्हणून परवानगी नाही, मी पट्टा लावून देते’ एवढे वाक्य नम्रपणे म्हणणे पुरेसे आहे. दुसरा नकार रिपीटच्या बाबतीत द्यावा : प्रतिमा पुन्हा काढायची असेल तर वरिष्ठ शेजारी उभे असल्याशिवाय बटण दाबू नका. पुढे कधी गर्भधारणा झाली तर ती लेखी कळवा. कळवल्यानंतर गर्भासाठी उरलेल्या काळात सुमारे १ मिलिसिव्हर्टची मर्यादा पाळली जाते आणि त्यानुसार पोस्टिंग बदलून मिळते.

हे नियम कोणाच्या कार्यालयीन हौसेतून आलेले नाहीत. राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले, आणि पुढची काही वर्षे लोक ट्यूब चालते की नाही हे स्वतःचा हात झोतात धरून पाहत असत. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांच्या हातांवर अशाच कामातून जखमा झाल्या, त्यांचे हात कापावे लागले आणि १९०४ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यासारख्या अनेकांच्या स्मरणार्थ १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये एक स्मारक उभारले गेले. पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना मर्यादांच्या आकड्यांआधी हा इतिहास सांगते, कारण त्यानंतर ॲप्रनबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तर : सीटी आणि एमआरआय तंत्रज्ञ

पुढच्या वर्षी तुमची पोस्टिंग आमच्याकडे येईल, म्हणून थोडे आधीच लिहून ठेवतो. सीटीमध्ये विद्यार्थ्यांना यंत्र सारे काही करते असे आणखी प्रकर्षाने वाटते, पण रुग्णाला गॅन्ट्रीच्या (यंत्राच्या गोल कड्याच्या) मध्यभागी आणणे हे हातानेच होते. टेबल चार सेंटिमीटर वर किंवा खाली राहिले तर स्काउट प्रतिमेत (स्कॅनआधीच्या आखणीसाठी घेतलेल्या प्रतिमेत) रुग्ण प्रत्यक्षापेक्षा जाड किंवा बारीक भासतो, आणि त्या मापावरून किरणांची मात्रा ठरवणारी स्वयंचलित यंत्रणाही फसते. पडद्यावर हाउन्सफील्ड आकडे (ऊती किरण किती शोषते हे सांगणारे सीटीचे आकडे) वाचण्याचा सराव करा : पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, ताजे गोठलेले रक्त साधारण ५० ते ७०. माउस नेऊन ठेवला की दिसणारा तो आकडा म्हणजे तुमच्या वर्गातला शोषणगुणांकच आहे. ज्यांच्या नावाने हे आकडे ओळखले जातात त्या हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचे स्कॅन १९७१ साली झाले, आणि १९७९ साली त्यांना कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळाले.

कॉन्ट्रास्ट (अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देण्यापूर्वी आधीची ॲलर्जी आणि मूत्रपिंडांची स्थिती विचारली जाते, ती फक्त कागदावर खूण करून पुढे जाऊ नका. अंगातून उष्णतेची लाट जाईल, लघवी झाल्यासारखे वाटेल, पण तसे होत नसते, एवढे आधी सांगितले तर रुग्ण ऐन वेळी हलत नाही. इंजेक्शनच्या सुरुवातीच्या सेकंदांत सुईच्या जागेवर लक्ष ठेवा. औषध शिरेबाहेर जाऊ लागले तर तेथे फुगवटा दिसतो आणि तेव्हाच थांबवावे लागते.

एमआरआयमध्ये आयनीकारक किरण नाहीत म्हणून विद्यार्थी निर्धास्त असतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त जागरूकता येथेच हवी. अतिवाहक चुंबक स्कॅन चालू नसतानाही, रात्री, सुट्टीच्या दिवशी, सतत चालू असतो. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पट. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर किंवा साधी व्हीलचेअर दारातून आत गेली तर ती हाताने थांबवता येत नाही आणि आत झोपलेल्या रुग्णावर जाऊन आदळू शकते. रुग्णाने फॉर्म भरला असला तरी पेसमेकर, मेंदूतील क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण, कानातील इम्प्लांट यांबद्दल तोंडी पुन्हा विचारा, आणि वेगळ्या शब्दांत विचारा. पहिल्यांदा ‘नाही’ म्हणालेला माणूस ‘कधी कसले ऑपरेशन झाले आहे का’ असे विचारल्यावर जुनी शस्त्रक्रिया आठवून सांगतो. दारात तुम्ही उभ्या असाल तर आत येणारा कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, त्याला थांबवण्याचा अधिकार आणि जबाबदारी तुमची आहे. हे तुमच्या सुपरवायझरकडून पहिल्याच दिवशी वदवून घ्या.

उत्तर : ज्येष्ठ एक्स-रे तंत्रज्ञ

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने सुचवलेली आठवड्याला एक अवयव ही पद्धत माझ्या पद्धतीपेक्षा पहिल्या वर्षासाठी निश्चितच व्यवहार्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की सुरुवात छातीपासून करा, कारण तिचे रुग्ण सर्वांत जास्त येतात आणि तिची प्रतिमा तपासण्याचे निकष डोळ्यांना चटकन दिसतात. त्यानंतर मनगट आणि घोटा घ्या. सांधा नीट उघडला आहे की नाही हे पाहण्याची सवय तेथे लागते. कवटी आणि मानेचे मणके घाईने घेऊ नका. बाळांच्या तपासण्या पहिल्या सत्रात फक्त पाहा. आठवडा संपताना वहीतील एक पान वरिष्ठांना दाखवून त्यावर त्यांची एक ओळ लिहून घ्या. लॉगबुकवरील नुसत्या सहीपेक्षा ती ओळ तुम्हाला तोंडी परीक्षेत जास्त उपयोगी पडेल. पहिल्या आठवड्याचे पान तयार झाले की त्यातील अंदाज आणि आलेली प्रतिमा यांचे वर्णन, रुग्णाची कोणतीही माहिती न देता, येथे जरूर लिहा. त्यावर आपण पुढे बोलू.